जवाच्या सात टोपल्या

भाऊजी,

तुमची बियर बाटल्यांत भरून झाली. एकही बाटली फुटलेली नाही, एकही गळत नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण तुमचा पहिला प्रश्न तोच असणार. तब्येत, पाऊसपाणी, पोरंबाळं हे सगळं तुमच्याकडे नंतर यायचं. फोन उचलला की "का म्हणते बादली?" आणि मग मागाहून आठवल्यासारखं, "रेखा बरी आहे ना?" रेखा माझी बायको, शकूताईची, म्हणजे तुमच्या बायकोची, धाकटी बहीण. पण तिचा नंबर बादलीनंतर लागायचा, आणि त्यावरून ती तुम्हाला कधी सोडायची नाही.

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. लोक विचारतात, तुमचे कोण लागत होते? मी म्हणतो, साडभाऊ. मग त्यांचा चेहरा जरा सैल पडतो. साडू म्हणजे काय, दोन बहिणींची लग्नं झाली म्हणून एका पंगतीत येऊन बसलेले दोन पुरुष. त्यांना एकमेकांबद्दल कुणी विचारलेलं नसतं. सख्खा भाऊ गेला तर माणूस खचतो, साडू गेला तर तेरवीला जाऊन येतो, असा जगाचा हिशोब आहे. मला मात्र गोंदियाच्या घरात दुपारचा चहा घेताना मध्येच थांबावं लागतं, आणि रेखा कप उचलून नेते. मला तुमची फार आठवण येते, भाऊजी. हे तुमच्या तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "काऊन बे, सकाळपासूनच घेऊन राहिला का?" म्हणून कधी म्हटलं नाही.

आज लिहायला बसलो ते मात्र रडगाणं गायला नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुमच्याच घरातली, तुमच्याबद्दलचीच आहे आणि तुम्हालाच ठाऊक नव्हती. मलाही ती तुम्ही गेल्यावर कळली.

पण ती सांगायची तर सुरुवातीपासून सांगावी लागेल.

सुरुवात पंकजनं केली. तुमचा हा पोरगा बंगलोरहून दिवाळीला आला तो एक खोकं घेऊन आला. त्यात झाकणाची मोठी प्लास्टिकची बादली, तिला खाली तोटी, झाकणात खोचायची एक वाकडी नळी, यीस्टची पुडी आणि माल्ट एक्स्ट्रॅक्टचा डबा. जवाला मोड आणून, त्याचा अर्क काढून, तो आटवून डब्यात भरलेला. आपण दोघांनी डबा उघडल्याबरोबर बोटं बुडवली. काकवीसारखं घट्ट, आधी गोड आणि मागून कडू. उकळत्या पाण्यात डबा ओतायचा, गार पाण्यानं बादली भरायची, कोमट झाली की यीस्ट भुरभुरायचं आणि झाकण लावून वाट पाहायची. एवढंच काम. मोहफुलं आंबवण्यात ज्यांचा जन्म गेला अशी माणसं आपल्या पंचक्रोशीत होती, त्यांना आपण हे सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती.

आपण ती बादली तुमच्या घरी आतल्या कोठीच्या खोलीत, धानाच्या पोत्यांशेजारी ठेवली, वर ओलं पोतं गुंडाळून. दुसऱ्या दिवशी नळीतून बुडबुडे यायला लागले तेव्हा तुम्ही खुर्ची आणून समोर बसलात. टीव्हीवर चांगली मॅच चालू होती, तुम्ही बुडबुडे बघत होतात. शकूताई दारात येऊन उभी राहिली.

"घरात दारू गाळून राहिले का?"

"गाळत नाही, आंबवून राहिलो," तुम्ही म्हणालात. "तू आंबील करतेस ना, तसंच."

"आंबील पिऊन कोनी गाणे म्हणत नाही."

तिच्याशी वादात तुम्ही कधी जिंकला नाहीत. माझ्याशी मात्र हरायला तयार नसायचात, आणि आपला खरा वाद त्या डब्यावरून सुरू झाला. दोन-तीन डबे संपवून झाल्यावर तुम्हाला डब्याचा राग यायला लागला. बियर झक्क होत होती, तक्रार तिच्याबद्दल नव्हती. "अरुण, हे म्हणजे दुसऱ्याच्या घरचा सैपाक आणून गरम करनं झालं. यात आपलं का आहे?"

मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म काढलेला माणूस. खोकं बंद असलं की मला बरं वाटतं. मी म्हणालो, "तुम्ही अंगातला शर्ट विणता का?"

"कापूस पिकवला असता त विणला असता."

"जव तरी कुठं पिकवता? तुमच्या बांधीत धानाशिवाय काही उगवत नाही."

"पिकवत नाही, पन मोड त आणता येते ना. जिंदगीभर धानाले मोड आणून राहिलो, जवाले नाही येणार?"

हे म्हणताना तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहूनच मी ओळखलं की आता सुटका नाही. धान भिजवायचं, पोत्यात बांधायचं, वर दगड ठेवायचा, मोड फुटला की पऱ्ह्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, टाकायचं. हे तुम्ही डोळे मिटून करायचात. माल्ट म्हणजे शेवटी मोड आणून सुकवलेले जव. मग डबा कशाला? गोंदियाच्या बाजारातून दोन पायल्या जव मीच घेतले आणि बल्लारशा गाडीनं तुमच्या गावी पोचवले. वाद एकीकडे आणि हमाली एकीकडे, हे आपल्यात नेहमीच चालायचं.

तुम्ही ते भिजवले, पोत्यात बांधले. मोड आले. ते कोठीच्या खोलीत पोती अंथरून पसरून ठेवले. आता ऊन बघून सुकवायचे, की झालं. तेवढ्यात इटियाडोह धरणाच्या कालव्याला पाणी सुटलं. आश्विन तोंडावर आलेला, पाऊस दडी मारून बसलेला, धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला आलेलं आणि पाण्याची तुमची पाळी. पाळी सोडून जव सुकवत बसणारा शेतकरी अजून जन्माला यायचा आहे. तुम्ही फावडं घेऊन बांधीवर गेलात ते तिथलेच झालात.

मी रविवारी आलो तो थेट बांधीवर, आणि तिथून आपण दोघं घरी. कोठीच्या खोलीचं दार उघडलं तर आत सात टोपल्या. प्रत्येकीत माती, मातीतून नखभर वर आलेले पिवळट हिरवे कोंब. हळद-कुंकू वाहिलेलं. मध्ये घट, समोर दिवा. घट त्याच दिवशी बसले होते हे आपल्या दोघांच्या डोक्यातूनच गेलं होतं.

शकूताई पदरानं हात पुसत आली. "पाहा जी अरुणभाऊ, तुमच्या साडभावाचं. इतक्या वर्षात घटासमोर उभे राहिले नाही, अन् यंदा मले न सांगता जवारे टाकले. तेही गव्हाचे नाही, जवाचे."

तुमच्या पायांवरचा चिखल अजून ओला होता. मी तुमच्याकडे बघत होतो आणि तुम्ही दिव्याकडे. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. आपण बियर करायला गेलो आणि देवी बसली. मग तुम्ही म्हणालात, "हो. म्हटलं, यंदा करावं."

आमच्याकडे जवारे, म्हणजे घटासमोर नऊ दिवस वाढवायचे कोंब, एका परडीत होतात, फार तर दोन. तुमच्या सात टोपल्या पाहायला गाव लोटलं. म्हातारे म्हणाले, मानूस भक्तीले लागला. तुम्ही नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ आरतीला शकूताईच्या शेजारी बसलात, आणि विसर्जनाला बायांच्या मागून डोक्यावर टोपली घेऊन तलावापर्यंत चाललात. मी फक्त त्यासाठी गोंदियाहून पुन्हा आलो होतो. असा तमाशा कोण सोडेल?

त्या दिवशी परत येताना कालव्याच्या काठावर तुम्ही मला थांबवलंत.

"हे तुह्या तोंडून निंगालं त आपला साडभाऊपना खतम."

"मग तुम्हीच सांगून टाका ना. हसेल ती."

"तिचा चेहरा पाहिला का तू?"

मी पाहिला होता. म्हणून गप्प बसलो.

त्या खोलीत आता बियर ठेवायची नाही असं शकूताई कधी म्हणाली नाही. म्हणायची गरजच पडली नाही. जिथं देवी बसली तिथं बादली कोण ठेवणार? बादली माळ्यावर गेली. पुढच्या आश्विनात तिनंच जव काढून तुमच्यापुढे ठेवले, "यंदाही तुमीच टाका, तुमच्या हातचे चांगले आले होते." तुम्ही टाकलेत. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग ते ठरूनच गेलं. मी नवरात्रात फोन करून विचारायचो, "का म्हणते भक्ती?" आणि तुम्ही आवाज खाली आणून एक अस्सल शिवी द्यायचात.

ती इथं लिहीत नाही, तुमच्या नातीला आता वाचता येतं.

अशी कितीतरी वर्षं गेली. मी रिटायर झालो. आणि या हिवाळ्यात एक दिवस तुमचा फोन, "अरुण, बादली उतरवली. डबा मागव."

मला वाटलं, चेष्टा करताय. "शकूताई?"

"तिनंच म्हटलं उतरवाले. म्हणे, दिवसभर घरात बसून माह्या मागं मागं फिरता, त्यापेक्षा ते बुडबुडे पाहात बसा. कोठीतच ठेवा म्हणे, पन डब्याचंच करा, धान्य भिजवू नोका."

आपण दोघं यावर हसलो. आपल्याला वाटलं, वयानं बाई मऊ झाली.

तो दिवस मला फार नीट आठवतो, आणि आठवताना बरंही वाटतं. गोंदिया स्टेशनावर कचारगडच्या यात्रेची गर्दी होती, मी डबा पोटाशी धरून तुमच्याकडच्या गाडीत चढलो. तुमच्या अंगणात ऊन होतं. डबा गरम पाण्यात ठेवून तुम्ही वाट पाहत होतात, आणि वाट पाहता पाहता पुन्हा तेच सुरू केलंत. डबा म्हणजे परक्याचा सैपाक. मी म्हणालो, आता या वयात चूल पेटवायची हौस कुणाला? तुम्ही म्हणालात, वयाचा का संबंध, आता त टाईमच टाईम आहे. बादलीचं झाकण लावून झाल्यावर दोघांनी चहा घेतला. तुम्ही म्हणालात, "पुढच्या साली जव." मी म्हणालो, "शकूताई पुन्हा दिवा लावेल." तुम्ही इतके हसलात की चहा सांडला, आणि ती स्वयंपाकघरातून ओरडली, का झालं म्हणून.

डबा की जव, याचा निकाल लागायचा राहिला. मी अजूनही डब्याच्याच बाजूनं आहे, हे नोंदवून ठेवा.

त्यानंतर आठवडाभरानं सकाळी पंकजचा फोन आला. उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, चालू होता. तुम्ही बांधावर बसलात, रोवणाऱ्या बायांना म्हणालात, पानी द्या जरा. त्यातली एक पाणी घेऊन येईपर्यंत तुम्ही गेला होतात. तुमच्यासारख्या बोलघेवड्या माणसानं इतकं न बोलता जावं, याचा मला राग आला. अजूनही येतो.

तुम्हाला पोचवून आम्ही परत आल्यावर बाया घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकायला लागल्या. माठ, हंडे, पितळी गुंड सगळं. मयताच्या घरातलं साठवलेलं ठेवायचं नसतं. तुमची चुलत बहीण कोठीच्या खोलीतून बादली ओढत दारापर्यंत घेऊन आली. शकूताई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून ती कुणाशी बोलली नव्हती. ती म्हणाली, "ते राहू द्या. ते त्यायचं आहे."

मी आणि पंकजनं बादली पुन्हा आत नेली.

तेरवी झाली. पंकज आईला बंगलोरला चल म्हणत होता. ती म्हणाली, "आता नाही. बादलीचं व्हाचं आहे." पोरानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. आणि पाहुणे पांगल्यावर मी बाटल्यांची झाकणं आणि झाकण दाबायचं यंत्र पिशवीत घालून सकाळच्या गाडीनं तुमच्याकडे गेलो.

मला वाटलं होतं, एकट्यानंच करायचं आहे. पण शकूताई पाट घेऊन माझ्यासमोर बसली. जिनं आयुष्यात कधी एक घोट घेतला नाही, ती बाई बाटल्यांची झाकणं दाबायला बसली. मी बाटलीत साखर घालायचो, तोटीखाली धरून भरायचो, ती झाकण दाबायची. पहिली दोन वाकडी झाली. तिसरीपासून तिचा हात माझ्यापेक्षा सफाईनं चालायला लागला.

थोड्या वेळानं, मान वर न करता ती म्हणाली, "अरुणभाऊ, त्या साली तुम्ही दोघं बियरच करून राहिले होते ना?"

मी मूग गिळून बसलो. तुमची शपथ होती.

"त्यायनं बजावलं असन. नोका सांगू. मले माहीतच आहे."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिसापासून. जवारे टाकाले मूठभर जव पुरते जी. दोन पायल्या कोन भिजवते? अन् जवारे मातीत टाकते, पोत्यावर पसरून नाही ठेवत."

मी तोटी बंद केली. "मग त्या टोपल्या?"

"मीच भरल्या. ते पान्यावर गेले होते. म्हटलं, आता येतीन, हे सुकवतीन, दळतीन, अन् घराची भट्टी करतीन. भांडून ऐकनारा मानूस होता का तो? मंग घट बसवाचेच होते, बसवले त्याच्यातच."

भाऊजी, तुम्ही ऐकताय ना? तुम्ही बांधीवर गेलात आणि तिनं मागच्या मागं तुमच्या बियरवर हळद-कुंकू टाकलं. आपण दोघं इतकी वर्षं समजत होतो की आपण तिला फसवलं. आणि ती दर वेळी आपल्याला चहा देत होती.

"मले वाटलं," ती म्हणाली, "पाहून ओरडतीन. मंग मी हासन, मंग दोन दिवस बोलाचे नाही, अन् झालं. पन ते त म्हणाले, यंदा करावं म्हटलं. अन् आरतीले येऊन बसले माह्याजवळ. लग्न होऊन इतके वर्ष झाले होते जी. मानूस कधी एका जागी माह्याजवळ असा बसला नव्हता. एक त बांधीत, नाही त चावडीवर. नऊ दिवस बसले. मंग मी कायले सांगू?"

तेरी भी चूप, मेरी भी चूप. त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगतो. मी खिशातून फोन काढला. खरंच काढला. तुम्हाला लावून म्हणायचं होतं, भाऊजी, बसा खाली, ऐका, तुमच्या बायकोनं काय केलं. तुमचं ते फुटलेल्या भोंग्यासारखं हसणं मला ऐकायचं होतं. नाव काढेपर्यंत बोट गेलं आणि मग फोन खिशात ठेवला. शकूताईनं पाहिलं आणि पुढची बाटली ओढली.

आम्ही पुन्हा कामाला लागलो. मला वाटलं, विषय संपला. पण तिच्या हातातली बाटली तशीच राहिली होती.

"एक गोष्ट मले टोचते अरुणभाऊ. पंकजची पोरगी झाली, त्या साली मी नवरात्रात बंगलोरले होती. मी फोनवर म्हटलं, यंदा राहू द्या जवारे, मी नाही आहे. ते म्हणाले, बरं. अन् नाही टाकले. मंग मले वाटाले लागलं, मी डोऱ्यासमोर असली म्हणून ते करते. माह्या डावात सापडले, सांगता येत नाही, म्हणून बसते माह्याजवळ. मनातून त्यायले ते कधी..." ती थांबली. "मी त्यायले विचारलं नाही कधी. कसं विचारू? विचारलं त मंग सारंच सांगा लागलं असतं."

ती माझ्याकडे बघत होती. सोळाव्या-सतराव्या वर्षी तुमच्या घरात आलेली बाई, तुमची नाडी न् नाडी ओळखणारी. एवढी एकच गोष्ट तिला ठाऊक नव्हती, आणि जगात ती ठाऊक असणारा आता मी एकटा उरलो होतो.

आणि त्याबद्दलही तुम्ही मला गप्प राहायला सांगितलं होतं.

त्या वर्षी घर मोकळं आहे म्हणून मी मोठ्या उत्साहानं एक डबा पिशवीत घालून तुमच्याकडे आलो होतो. म्हटलं, मांजर घरात नाही, आता उंदरांचं राज्य. दार उघडंच होतं. तुम्ही कोठीच्या खोलीत, खिडकीखाली, जमिनीवर मांडी घालून बसला होतात. पुढ्यात एक लहान परडी. ओंजळीत पाणी घेऊन तुम्ही कोंबांवर शिंपडत होतात आणि जवाऱ्याचं गाणं म्हणत होतात. सूर धरून म्हणण्याचा प्रयत्न होता, असं म्हणतो. बायांच्या तोंडून ऐकून ऐकून जेवढं पाठ झालेलं तेवढंच, पुढचं गुणगुणून.

मी म्हणालो, "शकूताईनं तर राहू द्या म्हटलं होतं ना?"

तुम्ही दचकलात. पोरासारखे लाजलात. "डबा तिकडं ठेव," म्हणालात. "घट उठल्यावर पाहू."

घट उठल्यावरही आपण तो उघडला नाही. सकाळी लवकर, कुणाला न सांगता, तुम्ही ती परडी कालव्यात सोडली आणि मी सोबत होतो. मी म्हणालो, हे तरी सांगा तिला, खूश होईल. तुम्ही म्हणालात, "नाही बे. तिले वाटन, आपल्याशिवायही चालून राहिलं. तिच्याशिवाय नाही चालत. मी आपला बसलो, घर खायले उठते म्हणून."

हे सगळं मी शकूताईला सांगितलं. गाण्याचंही आणि तुमच्या शेवटच्या वाक्याचंही. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

तिनं बाटली मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "कोनत्या परडीत टाकले होते?"

"लहान. बांबूची, काठ तुटलेली."

"खिडकीखाली ठेवली होती?"

"हो."

"पानी जास्त टाकलं असन."

"खूप."

तिनं बाटली यंत्राखाली धरली, झाकण दाबलं आणि बाजूला ठेवली. पदर डोळ्याला लावला आणि तसाच ठेवला. तुम्ही गेल्यापासून ती रडली नव्हती. गावात बाया त्यावरून कुजबुजत होत्या, रेखालाही काळजी होती. मी उठून अंगणात गेलो. तिला तुमच्याशी जे काही बोलायचं होतं त्यात मी असायची गरज नव्हती.

भाऊजी, तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की ते तुम्ही सांगायला हवं होतं. ती विचारायला घाबरत होती, तुम्ही सांगायला लाजत होतात, आणि दोघांच्या मध्ये मी तोंड शिवून बसलो होतो, साडभाऊपणा सांभाळत. एका घरात दोन माणसं एकमेकांसाठी एवढं करत राहिली आणि दोघांनाही वाटत राहिलं की आपणच एकटे करतोय. तरी मी म्हणतो, तुमचा संसार चांगला झाला. मी पुष्कळ संसार पाहिले, सगळं खरं बोलणारे आणि एकमेकांजवळ दहा मिनिटं न बसणारे. तुमच्या घरात मला इतकी वर्षं बसायला मिळालं, याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. ते मानतो.

उरलेल्या बाटल्या आम्ही दोघांनी मिळून भरल्या. एक मी गोंदियाला आणली, ती थोडी थांबून उघडेन. पंकजला चार ठेवल्या आहेत. नवीन डबा मागवलाय, तो आला की मी तुमच्याच घरी, त्याच खोलीत करणार आहे. शकूताई म्हणाली, करा, घरात काही तरी बुडबुड आवाज पाहिजे.

निघताना ती फाटकापर्यंत आली. म्हणाली, "आश्विनात येजा अरुणभाऊ. जवारे तुमीच टाका."

मी म्हणालो, "शकूताई, मला कुठं येतं ते?"

"त्यायले तरी कुठं येत होतं?" ती म्हणाली.